समुद्र वरखाली होतच असतो, पण नाल्याचं तोंड जागेवरच असतं

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. आणि पूर्ण वाचल्याशिवाय कमेंटमध्ये तो ग्लासातला बर्फ घेऊन येऊ नका, त्याचं उत्तरही खाली दिलंय.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या उपनगरांतल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन फॉरवर्ड हमखास फिरतात. एकात मुंबईचा नकाशा असतो, अर्धा रंगवलेला, आणि खाली ठळक अक्षरांत ‘२०५० मध्ये मुंबई पाण्याखाली’. दुसरा त्याला उत्तर म्हणून येतो. समुद्र लाखो वर्षं वरखाली होतोय, द्वारका बुडाली तेव्हा कुठे गाड्या आणि कारखाने होते, हे सगळं परदेशी पैशांवर चाललेलं थोतांड आहे, वगैरे. मग ग्रुपमध्ये दोन तट पडतात, ॲडमिन ‘कृपया गुड मॉर्निंगच पाठवा’ म्हणतो आणि विषय संपतो.

माझं भांडण या दोन्ही फॉरवर्डशी आहे. पहिल्याने माणूस आठवडाभर घाबरतो आणि मग ‘आपल्या हातात काय आहे’ म्हणून सोडून देतो. दुसऱ्याने तो आधीच सोडून देतो. दोन्हीकडे फावतं ते एकाच मंडळींचं, ज्यांनी आज, याच वर्षी, नाला कुठल्या पातळीला समुद्रात सोडायचा, प्लॉटवर भराव किती टाकायचा आणि मिठागरांचं काय करायचं हे ठरवायचंय.

दुसऱ्या फॉरवर्डपासून सुरू करतो, कारण त्यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. समुद्र वरखाली होतोच. त्याचा पुरावा बघायला द्वारकेला जायची गरज नाही. १८७० च्या दशकात मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक खणत होते, तेव्हा गाळाखाली एक अख्खं जंगल सापडलं. शेकडो झाडांचे बुंधे, त्यातले कित्येक मुळांसकट उभे, बहुतेक खैराचे. आता खैर हे काही तिवर नाही. खाऱ्या पाण्यात तो उगवत नाही, त्याला कोरडी जमीन लागते. म्हणजे एके काळी जिथे पाय कोरडे ठेवून चालता येत होतं, तिथे नंतर बोटी चालू लागल्या. जमीन खाली गेली, समुद्र वर आला की दोन्ही झालं, यावर भूगर्भशास्त्रज्ञ तेव्हापासून बोलत आलेत. पण झाडं तिथे होती यावर वाद नाही.

किनाराही सरकतो, आणि इथे एक गफलत नेहमी होते. बोरिवली पश्चिमेला एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. बघितले नसतील तर एकदा जाऊन या, पोस्ट वाचली नाही तरी चालेल. आज आजूबाजूला सगळ्या इमारती. नालासोपारा तर अशोकाच्या काळातलं बंदर, आज तिथे लोकल पकडायला धावावं लागतं. हे बघून लोक म्हणतात, ‘बघा, समुद्र मागे गेला.’ अहो, तिथे खाड्या गाळाने भरल्या, आणि उरलेल्या आपण भरल्या. किनारा सरकणं वेगळं आणि समुद्राची पातळी बदलणं वेगळं. तुमच्या बादलीत कोणी माती टाकली म्हणून नळाला पाणी कमी आलं असं होत नाही.

मग पातळी बदलते कशाने? मोठं कारण बर्फ. पृथ्वीची कक्षा, तिच्या आसाचा कल आणि भोवऱ्यासारखं तिचं डुलणं हे हजारो वर्षांच्या फेऱ्यांत बदलत राहतं. मिलांकोविच नावाच्या सर्बियन शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन कमी पडायला लागलं की तिथला बर्फ वितळत नाही, थरावर थर चढतो, आणि ते पाणी जमिनीवर अडकून पडतं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी इतका बर्फ साचला होता की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. आपला किनारा तेव्हा वर्सोव्याच्या खूप पलीकडे, पश्चिमेला. मग बर्फ वितळला, समुद्र चढला, आणि साधारण ६-७ हजार वर्षांपूर्वी येऊन जवळजवळ स्थिरावला.

दुसरं कारण ऊब. पाणी तापलं की फुगतं, एवढं सोपं. माणसाने वातावरणात जी जादा उष्णता अडकवली तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्राने पोटात घेतली आहे. १९७१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी जेवढी वाढली त्यातला निम्मा वाटा नुसत्या या फुगण्याचा आहे. उरलेला हिमनद्या, ग्रीनलंड-अंटार्क्टिकाचे हिमस्तर, आणि थोडा आपण जमिनीतून उपसून शेवटी समुद्रात सोडलेल्या पाण्याचा.

तिसरं, जमीन स्वतः हलते. स्वीडनमध्ये हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन अजून वर येतेय, म्हणून स्टॉकहोमला समुद्र खाली जाताना दिसतो. जकार्तात भूजल उपसून जमीन इतकी खचली की इंडोनेशियाने राजधानीच हलवायला घेतली. म्हणजे ‘आमच्याकडे तर पाणी उतरलंय’ असा एखाद्या गावचा दाखला देऊन जगाचा निकाल लागत नाही.

आणि तो ग्लास. पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर ग्लासातली पातळी वाढत नाही, बरोबर. ग्रीनलंडचा बर्फ मात्र ग्लासात नाहीये, ग्लासाच्या बाहेर टेबलावर आहे. तो सगळा आला तर जगाचा समुद्र ७ मीटरने चढेल. उद्या येणार नाही, ते शतकानुशतकांचं काम आहे. पण ग्लासाचं उदाहरण देणाऱ्याने आधी बर्फ कुठे ठेवलाय ते बघावं.

आता फॉरवर्डवाल्यांचा सगळ्यात चांगला मुद्दा. तो ते स्वतः मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. हिमयुगानंतर समुद्र जेव्हा चढत होता, तेव्हाचा सरासरी वेग वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास येतो. आजचा जगाचा वेग ४ च्या थोडा वर. म्हणजे आजचा वेग त्याच्या निम्मा! मग ओरड कशाला?

ओरड याच्यासाठी की तेव्हा कोणाचा वीस वर्षांचा हप्ता चालू नव्हता. पाणी आलं, माणसं उठून मागे गेली. समुद्र थांबल्यावर, त्या ६-७ हजार वर्षांच्या शांत काळात, माणसाने बंदरं बांधली, शहरं बांधली, आगरं बांधली. साष्टीच्या बेटावरचं आपलं सगळं जगणं, अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, समुद्र जागेवर राहील या भरवशावर उभं आहे. आणि पृथ्वीच्या कक्षेच्या गणिताने पाहिलं तर आत्ता समुद्र चढायचं काही कारण नव्हतं, उलट हळूहळू थंडी वाढायला हवी होती. तरी तो चढतोय. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात सरासरी २० सेंटिमीटर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेग वर्षाला २ मिलिमीटरच्या आसपास होता, तो आता दुपटीवर गेला. निसर्गाचं चक्र म्हणता ना, मग चक्र उलट दिशेने का फिरतंय हे सांगा.

मुंबईपुरतं बोलायचं तर अपोलो बंदरला भरती मोजण्याची नोंद १८७८ पासूनची आहे. हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचा तिचा कल वर्षाला साधारण १ मिलिमीटर. जगापेक्षा कमी, हे मान्य करायला हवं. पण शंभर वर्षांत दहा सेंटिमीटर आलंच, आणि पुढचा वेग मागच्यासारखा राहणार नाही.

‘दहा सेंटिमीटर? अहो, समुद्र रोज चार-पाच मीटर वरखाली होतो!’ हे मला एका रिडेव्हलपमेंटच्या बैठकीत ऐकवलं गेलं. सांगणारे गृहस्थ टाय लावून आले होते. सभासदांनी माना डोलावल्या. आणि खरंच, उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक तेवढा असतो. मग वीत-अर्धी वीत वाढल्याने काय होणार?

याचं उत्तर समुद्रात नाही, नाल्यात आहे. आपल्याकडचं पावसाचं पाणी उताराने समुद्रात किंवा खाडीत जातं. पालिकेच्या भाषेत नाल्याच्या त्या तोंडाला पातमुख म्हणतात. शहर आणि उपनगरं मिळून अशी १८६ पातमुखं सांगितली जातात. त्यातली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली. १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर उरली किती? ६. म्हणजे १८६ पैकी १८० तोंडं अशी आहेत जी भरतीला बंद होतात, किंवा बंद केली नाहीत तर समुद्र त्यातून आत येतो. समुद्र ओसरेपर्यंत पाऊस पडत राहिला तर ते पाणी जाणार कुठे? अंधेरी सबवेत.

आता माझा साधा हिशेब. भरतीचा मध्य ते माथा २ मीटर धरा आणि एक भरती-ओहोटी साडेबारा तासांची. एखादं पातमुख भरतीच्या माथ्यापेक्षा फक्त २० सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे बरंच उंच, चांगलं पातमुख. आज ते दर भरतीला साधारण पावणेदोन तास पाण्याखाली जातं. समुद्र २० सेंटिमीटर चढला की तेच पातमुख अडीच तास पाण्याखाली. पाऊण तास वाढला. दिवसाला दोन भरत्या, म्हणजे दीड तास. आणि जे पातमुख बरोबर सरासरी पातळीला आहे त्याचे दर भरतीला पंचवीसेक मिनिटं जातात. म्हणजे जी तोंडं आज त्यातल्या त्यात चांगली, तीच जास्त मार खाणार. शतकाच्या मध्यापर्यंत जगात १५ ते ३० सेंटिमीटर वाढ धरली जाते, त्यामुळे हे २० काही मी भीती घालायला निवडलेलं नाही.

सबवे भरायला किती वेळ लागतो हे अंधेरी, मिलन आणि मालाडवाल्यांना मी सांगायला नको. पाऊण तास पुष्कळ झाला.

आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. त्या दिवशी दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. आपली जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, तीही ओहोटी असेल असं गृहीत धरून! ओहोटी गृहीत धरून, हे परत वाचा. त्यानंतर चितळे समिती बसली, तासाला ५० मिलिमीटरचा आकडा धरून ब्रिमस्टोवॅडचं काम पुढे रेटलं गेलं, समुद्र वर असताना पाणी उपसून टाकायला आठ पंपिंग स्टेशनं ठरली. इर्ला झालं, गझदरबंद झालं, शहरातली झाली. अंधेरीचं पाणी ज्याने उपसायचं ते मोगरा आणि पूर्वेचं माहुल, ही दोन वर्षानुवर्षं रखडली.

माहुल का रखडलं ते ऐका. ज्या जागेवर पंप बसवायचे ती मिठागराची जागा. केंद्राच्या मीठ आयुक्तांची. ती मिळेना. पुराचं पाणी उपसायला मिठागराची जागा मिळत नाही, आणि २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची सुमारे २५६ एकर मिठागरं मात्र घरं बांधायला दिली जातात, धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठी. यावर एक अक्षर जास्त लिहायची गरज आहे का? थोडं लिहितो.

मिठागर म्हणजे काय हे पूर्व उपनगरातल्या नव्या पिढीला हायवेवरून दिसणारं पांढरं-करडं माळरान एवढंच माहीत. आगऱ्यांनी बांध घालून, भरतीचं पाणी मोजून आत घेऊन, उन्हात वाळवून तिथे मीठ पिकवलं. पावसाळ्यात मीठ पिकत नाही. तेव्हा तीच उथळ जमीन डोंगराकडून येणारं पाणी धरून ठेवते आणि खाडी उतरली की सोडते. भरतीत बंद झालेल्या नाल्याला तेवढी एक थांबायची जागा. फुकटात, विजेशिवाय, टेंडरशिवाय. कदाचित म्हणूनच कोणाला किंमत नाही.

मुलुंडमध्ये या निर्णयाला विरोध झाला, पण त्यातल्या काही घोषणा मला अजिबात आवडल्या नाहीत. ‘धारावीकर नकोत’ हा मुद्दाच नाही. त्या माणसांना घर मिळालंच पाहिजे, चांगलं, कोरडं. माझा आक्षेप हा आहे की शहरातल्या सगळ्यात गरीब माणसाला शहराच्या सगळ्यात खोल जमिनीवर नेऊन ठेवताय, जिथे समुद्र सगळ्यात आधी हिशेब मागणार. आणि तिथे भराव टाकून इमारत उंच केली तरी पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारच्या जुन्या वस्तीत उतरतं. आपण हे गल्लीत रोज बघतो. टॉवर पोडियमवर चढतो, रस्त्यावर काँक्रिटचे थर चढतात, आणि मधली बैठी चाळ दरवर्षी एक पायरी खाली जाते.

पश्चिमेला तेच तिवरांचं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग मानला, पण सार्वजनिक कामासाठी परवानगी घेऊन तोडायची वाट ठेवली. त्या वाटेवर आता रांग लागलीय. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या किनारी रस्त्यासाठी हजारो तिवरं जाणार. बदल्यात दुसरीकडे कुठेतरी लावणार म्हणतात. मालाडच्या खाडीत वेगाने घुसणारं पाणी अडवायला दुसऱ्या जिल्ह्यातली रोपं कशी येणार, हे कोणी मला समजावून सांगावं. आणि एक गोष्ट: समुद्र चढतो तेव्हा तिवरंही हळूहळू जमिनीच्या बाजूला सरकतात. गाळ धरून स्वतःची जमीन उंचावतात. पण मागे जर रस्त्याची भिंत असेल तर सरकणार कुठे?

पहिला फॉरवर्ड राहिलाच. तो रंगवलेला नकाशा बहुतेकदा २०१९ च्या क्लायमेट सेंट्रलच्या अभ्यासावरून घेतलेला असतो. २०५० साली वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली कुठली जमीन असेल, हे त्यात दाखवलंय. बंधारे, पंप काही न धरता. कायमची बुडालेली जमीन असा त्याचा अर्थ नाही. ‘मुंबई बुडणार’ म्हणणाऱ्यांनी हा बारीक टाइप वाचलेला नसतो. २०५० साली अंधेरी असेल, बोरिवली असेल, लोकलला गर्दीही असेल. फक्त पावसाळ्यात आज जे चार दिवस ‘अतिवृष्टी’ म्हणून सुट्टी मिळते ते दहा होतील, वीस होतील, आणि पाऊस जास्त पडायचीही गरज लागणार नाही. आणि असं होईल तेव्हा टीव्हीवर सांगतील, ‘पावसाने मुंबईला झोडपलं’. पाऊस बिचारा नेहमीएवढाच पडलेला असेल.

टीव्हीवरून आठवलं. ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. हे दरवर्षी वाचून माझं डोकं उठतं. लाटा नव्हेत हो, भरती! आणि तीही ४.८ मीटर कुठून? नौकानयनाच्या नकाशाच्या शून्यापासून, जे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीला असतं. मुंबईत सरासरी समुद्रपातळीच या शून्याच्या सुमारे २.५ मीटर वर आहे. जमिनीची उंची सर्व्हे ऑफ इंडिया मोजतं ती सरासरी समुद्रपातळीपासून. आणि पालिकेच्या नकाशांवर बघाल तर तिसरंच शून्य, टाउन हॉल डेटम. एकाच शहरात तीन शून्यं. त्यामुळे कोणीही कुठलाही आकडा तोंडावर फेकतो आणि समोरचा गप्प बसतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. नालेसफाईच्या पाहणीला नेते येतील, गाळाच्या ढिगाशेजारी फोटो काढतील. गाळ काढलाच पाहिजे, पण तोंड समुद्राखाली असलेला नाला आरशासारखा घासला तरी भरतीला वाहणार नाही. तिथे त्यांना विचारा, या नाल्याचं पातमुख किती पातळीला आहे? भरतीला ते किती तास बंद असतं? पुढच्या तीस वर्षांसाठी समुद्र किती चढेल असं धरून हे नवं गटार, हा रस्ता, ही मिठागरावरची वसाहत आखली आहे? आकडा शून्य धरला असेल तर तसं लेखी द्या म्हणावं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला हाच प्रश्न, टायवाल्या गृहस्थांना. पोडियमवरून उतरणारं पाणी कोणत्या नाल्यात जातं आणि तो नाला कुठे उघडतो?

बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही. कुठे आकडा मिळालाच तर लगेच दुसरा प्रश्न विचारा, कुठल्या शून्यापासून? मग नाल्याचं नाव आणि आकडा इथे कमेंटमध्ये टाका. वाकोला, मोगरा, पोयसर, ओशिवरा, दहिसर, घाटकोपरचा लक्ष्मीनगर नाला, मुलुंडचे नाले, कुठलाही चालेल. भरतीचा तक्ता माझ्याकडे आहे. किती तास तोंड बंद राहतं ते मी काढून देतो.